पानाखालचा केस

सासू: अगं, हळू उपट! एक केस हवाय ना तुला? एकाच्या नावाखाली चार काढतेस. तुझा हात बरा होईपर्यंत माझं टक्कल व्हायचं.

सून: लांब हवा, आई. मागच्या वेळचा तुटका निघाला.

सासू: सत्तरीच्या बाईकडून हिला लांब केस हवाय. हा घे. पांढरा आहे, चालेल ना?

सून: रंगाचं काय, माझे डोळे मिटलेले असतात.

सासू: असतात का?

सून: असतात का म्हणजे?

सासू: काही नाही बाई, आपलं विचारलं. इकडे बस, खिडकीपाशी. उजेड चांगला आहे.

सून: नको. दाराकडे तोंड करून बसते.

सासू: दाराला वरची कडी आहे, खालची आहे. मी स्वतः लावलीय.

सून: असू दे. मला दार दिसलेलं बरं.

सासू: बरं. ही घे डिरेक्टरी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात काढली, निवृत्त होताना ही एवढी उचलून आणली. आणि उपयोग काय, तर सुनेनं तिच्यात माझे केस लपवायचे.

सून: हिच्याइतकी पातळ पानं कशाचीच नाहीत. आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी अशाच डिरेक्टरीवर शिकवलं होतं मला. आधी एका पानाखाली केस. तो बोटाला लागला की दोन पानं. मग आणखी. जमायला लागलं तेव्हाच बाळापाशी जाऊ दिलं.

सासू: केसाचा आणि बाळाचा काय संबंध, ते माझ्या डोक्यात अजून शिरलेलं नाही.

सून: वेळेआधी जन्मलेल्या बाळाची शीर दिसत नाही, आई. बोटालाच लागते. त्वचेखाली केसाएवढी उचललेली जागा. ती लागली की सुई घालायची. नाही लागली तर त्या जिवाला नुसतं टोचत राहायचं.

सासू: पुरे, पुरे. अंगावर काटा आला.

सून: उद्या सकाळची ड्यूटी आहे. ठेवा केस.

सासू: डोळे मीट. हं. एवढी पानं टाकू?

सून: कालच्याएवढी.

सासू: ठेवला. ये आता, शोध.

सून: थांबा. इथे नाही. इथेही नाही. जरा खाली... हा. हा बघा. तिरका ठेवलाय.

सासू: अगदी बरोबर! शाबास गं! उगाच जीव टांगणीला लावून बसलो होतो सगळे. उद्या बिनधास्त जा. डॉक्टरांनी लिहून दिलंय, केस सापडतोय, आता कसली धास्ती?

सून: धास्ती नाहीये मला.

सासू: नाही ना? मग आता लिफ्ट वाजली तेव्हा मान का वळली?

सून: सवय लागलीय.

सासू: चांगली सवय नाही. त्या मेल्यानं तुला वॉर्डाच्या जिन्यापाशी भिंतीला दाबून धरलं त्याला किती महिने झाले, आणि आपण अजून आपल्याच घरात मांजराच्या पावलांनी फिरतोय. कुकरची शिट्टी झाली तरी तुझं तोंड पांढरं पडतं. म्हणून म्हणते, कामाला लाग. चार माणसांत गेलीस की जाईल.

सून: तो जिना तिथेच आहे.

सासू: दुसऱ्या जिन्यानं जा.

सून: वॉर्डला दुसरा जिना नाही.

सासू: मग लिफ्टनं जा. अगं, पोलिसांनी त्याला आत घेतलंय, त्याच्या पुतण्याला, त्या बाळाला, वॉर्डातून कधीच घरी सोडलंय. तो कशाला येतोय परत?

सून: येणार नाही. माहीत आहे मला. पोटाला माहीत नाही.

सासू: बरं, ते जाऊ दे. हात दाखव. इकडे, उजेडात. सूज तर उतरलीय. मूठ मीट बघू.

सून: मिटते की.

सासू: करंगळीकडची दोन मिटतात. ही अंगठ्याजवळची दोन अर्ध्यातच थांबली.

सून: हाड तिथेच तडकलं होतं ना, दोन्ही बोटांच्या मुळाशी. वेळ लागतो. गरम पाण्यात धरते, तो मऊ गोळा दाबते, तांदळाच्या डब्यात बोटं फिरवते. थेरपिस्टबाई म्हणाल्या, हालचाल चांगली आहे.

सासू: सकाळी कप कसा सुटला मग?

सून: ओला होता.

सासू: आणि ब्लाउजचं बटण? माझ्याकडून लावून घेतलंस.

सून: घाई होती.

सासू: हं.

सून: हं काय, आई?

सासू: मी तोंडं बघून नोकरी नाही केली, आवाज ऐकून केली. घाई असलेल्या बाईचा आवाज असा नसतो.

सून: तुम्हाला मी उद्या जायला हवीय की नकोय? आत्ता तर बिनधास्त जा म्हणालात.

सासू: जायला हवीस. या घराला मोकळा श्वास हवाय. खरं सांगते, मला पण भीती वाटायला लागलीय तुझ्याकडे बघून. काल दूधवाल्याला मी दाराच्या फटीतून पैसे दिले. मी! जी ट्रंक लाइनवर मोठमोठ्या साहेबांना झापायची.

सून: माझ्यामुळे.

सासू: तुझ्यामुळे नाही, त्याच्यामुळे. पण ती ठोसे मारायची बॅग मात्र तुझ्यामुळे हो. त्या जिमवाल्या शेजाऱ्यानं तळघरात, गाड्यांच्या मधे टांगली, तू विचारलंस म्हणून. भला माणूस. हातमोजे दिले, हाताला गुंडाळायची पट्टी दिली. दोन्ही तशीच कपाटात पडलीत, पट्टीचं तर प्लास्टिकही निघालं नाही. आणि तू मोकळ्या हातांनी त्या दगडासारख्या बॅगेवर!

सून: सांगितलं होतं ना तेव्हाच. जिन्यावर कोणी गाठलं तर तो थांबणार आहे का, मी पट्टी गुंडाळेपर्यंत? मोकळ्या हातांनीच मारायची सवय हवी.

सासू: ते तू माझ्या मुलाला सांगितलंस. त्याला पटलं. मला नाही पटलं.

सून: का नाही?

सासू: कारण मी गॅलरीत उभी राहून ऐकायची. धप्. थांबायचं. धप्. थांबायचं. तो शेजारी त्याच्या पोरांना शिकवायचा तेव्हा आवाज वेगळा यायचा, धप-धप, धप-धप, डावा-उजवा. तुझा एकच हात वाजायचा. लढाई शिकणारं माणूस एकाच हातानं शिकतं का?

सून: आई, अजून एक केस ठेवा. शेवटचा.

सासू: बोलणं टाळतेस.

सून: टाळतेय. ठेवा ना. एक जास्त पान टाका.

सासू: हट्टी आहेस. थांब, चष्मा सरकला. हं, मिटलेस डोळे?

सून: मिटले.

सासू: ठेवला. पानं टाकली. शोध आता.

सून: वर नाही. मधे... नाही. डावीकडे... अजून थोडं...

सासू: सावकाश. घाई नाही.

सून: हा. सापडला.

सासू: काय म्हणालीस?

सून: सापडला म्हटलं. इथे, बोटाखाली. आडवा आहे.

सासू: नक्की?

सून: नक्की. अगदी नीट लागतोय.

सासू: पान उचलू नकोस.

सून: का?

सासू: डोळे उघड आणि माझ्याकडे बघ.

सून: काय झालं? दारात कोणी आहे का?

सासू: दारात कोणी नाही. माझ्या बाहीवर बघ. कोपराच्या इथे.

सून: काय आहे?

सासू: केस आहे. बाहीला चिकटून आला. पानाखाली काहीच नाही.

(सून पान उचलून बघते.)

सून: तुम्ही मुद्दाम केलंत.

सासू: देवाशपथ नाही. आत्ताच दिसला मला. तू डावीकडे बोट नेलंस आणि माझी नजर बाहीवर गेली. छातीत धस्स झालं.

सून: म्हणूनच.

सासू: म्हणूनच काय?

सून: तुम्ही श्वास रोखलात. खांदे वर आले तुमचे. केसावर बोट आलं की तुमचे खांदे वर येतात, आई. दर वेळी.

सासू: म्हणजे डोळे...

सून: मिटलेले नसतात. पापणीतून दिसतं.

सासू: आणि आधीचे सगळे?

सून: सगळे. एकही बोटानं सापडलेला नाही.

सासू: अगं बाई! आणि डॉक्टर? त्यांनी तर कापूस टेकवून बघितला होता. डोळे मिटायला लावून.

सून: त्यांचं कोपर हलतं, कापूस टेकवताना. ते बघून हो म्हणायचे. मनगट सुजलं तेव्हा आत नस दाबली गेली. हाड जुळलं, पण ही दोन बोटं झोपलेलीच आहेत. थेरपिस्टबाई म्हणतात, नस हळूहळू जागी होते, कधी पूर्ण होत पण नाही. त्यांना मी सांगितलं, झाली जागी. तेव्हापासून मला सगळ्यांची अंगं वाचता येतात. कोणाचा खांदा हलला, कोणी पाऊल उचललं, कोण माझ्याकडे वळणार. बोटांना काही कळत नाही, बाकी सगळं कळतं.

सासू: आणि उद्या अशा हातानं तू त्या बाळांना सुया घालणार होतीस?

सून: पहिले काही दिवस दुसरीला पुढे केलं असतं. काहीतरी कारण काढलं असतं.

सासू: आणि दुसरी हाताशी नसती तेव्हा?

सून: ओरडू नका ना.

सासू: ओरडत नाहीये. त्या बाळाचे कुठले खांदे बघणार होतीस तू? त्याला कुठे माहीत असतं शीर कुठे आहे ते?

सून: नसतं.

सासू: मग?

सून: मग मी काय करू? हा हात म्हणजे मी आहे, आई. दुसरं काय येतं मला? त्या दिवशी त्या बाळाची शीर मिळत नव्हती. पुन्हा पुन्हा बघितलं, टोचलं, मिळेना. त्याचा काका काचेतून बघत होता. शेवटी इन्चार्ज सिस्टर आल्या आणि त्यांना एका फटक्यात मिळाली. मी बाहेर आले तर त्यानं जिन्यापाशी गाठलं. हाच हात धरून माझ्या तोंडासमोर नाचवला. म्हणाला, हात आहे का लाकूड?

सासू: हे तू कधी सांगितलं नाहीस. गळा धरला एवढंच सांगितलंस.

सून: गळा धरला त्याची भीती वाटते. पण हे ऐकू येत राहतं. खाली बॅगेसमोर उभी राहायचे तेव्हा त्याचं तोंड आणायचा प्रयत्न करायचे डोळ्यांपुढे. यायचंच नाही. हातच दिसायचा. ज्याला त्या दिवशी शीर मिळाली नाही तो.

सासू: म्हणून एकच हात.

सून: म्हणून पट्टी नाही. लागायला हवं होतं त्याला.

सासू: वेडे.

सून: आणि आता खरंच लाकूड झालाय. तो खरा ठरला.

सासू: तो कशाला खरा ठरतोय? तोंड सुटलंय म्हणून माणूस खरा ठरतो होय? इकडे ये. डोळे पूस. माझी बाही आहे, केस बाजूला कर आधी, तो सांभाळून ठेव.

सून: आता काय करायचं?

सासू: ते मी सांगणार नाही. मला विचारशील तर मी भित्री बाई आहे, मी म्हणेन लपव, घरात बस, पाय मुरगळला असं कळव.

सून: ते बाळ कोणाचं तरी असतं हो. काचेबाहेर कोणीतरी उभं असतं.

सासू: असतं ना.

सून: फोन द्या.

सासू: मी इथेच बसते. स्पीकरवर लाव.

सून: सिस्टर, मी बोलतेय.

इन्चार्ज: बोल. उद्या सकाळची आहेस, लक्षात आहे ना? दोन नवीन आलीत. एक तर माझ्या तळहातावर मावतंय.

सून: सिस्टर, मला केस लागत नाहीये.

इन्चार्ज: किती पानांखाली?

सून: एकाही नाही.

इन्चार्ज: डॉक्टरांनी फिट म्हणून लिहिलंय तुला.

सून: मी त्यांना फसवलं. त्यांचा हात बघून उत्तरं दिली.

इन्चार्ज: हॅलो. थांब जरा, दार लोटते... तुला कळतंय का तू काय बोलतेयस?

सून: कळतंय.

इन्चार्ज: उद्या येऊ नकोस. डॉक्टरांकडे जा आणि हे जसंच्या तसं त्यांना सांग. मला वर कळवावं लागेल, मी झाकणार नाही. ते तुला कपड्यांच्या खोलीत टाकतील नाहीतर नोंदींच्या टेबलाशी बसवतील. परत माझ्या वॉर्डात देतील असं मी आज तरी म्हणू शकत नाही. खोटी आशा लावणार नाही.

सून: हो सिस्टर.

इन्चार्ज: घाबरलीयस?

सून: खूप.

इन्चार्ज: बरोबर आहे. मी पण घाबरले आत्ता. तू सकाळी येऊन त्या तळहाताएवढ्या बाळाला हात लावला असतास तर... जाऊ दे. एक ऐक. त्या दिवशी मला शीर मिळाली ती माझ्या बोटांची करामत नव्हती. तू त्याचा पाय गरम कापडात गुंडाळून ठेवला होतास, आठवतंय?

सून: आठवतंय.

इन्चार्ज: मी आले तोवर पाय गरम झाला होता, शीर वर आली होती. मी आयत्या वेळी आले. तुला हे माहीत असेल असं मी धरून चालले. विचारायला हवं होतं. ठेवते.

सासू: ऐकलंस?

सून: ऐकलं.

सासू: रडतेस का गं?

सून: माहीत नाही. वॉर्ड गेला, आई.

सासू: आज गेला. उद्याचं कोणी पाहिलंय? पण आज गेला, खरंय. चहा टाकू?

सून: नको. आधी केस ठेवा.

सासू: आता? मला नाही जमायचं. माझे खांदे पुन्हा चहाडी करतील.

सून: कपाटातून ती पट्टी आणा. शेजाऱ्यांनी दिलेली.

सासू: हाताला गुंडाळतेस?

सून: डोळ्यांना.

सासू: तू? अगं, केस धुताना सुद्धा तू डोळे मिटत नाहीस. साबण जातो डोळ्यांत तरी दाराकडे बघत बसतेस.

सून: म्हणूनच बांधा. मी सोडायला सांगितलं तरी लगेच सोडू नका.

सासू: घे. लांब आहे गं ही, किती वेढे द्यायचे... घट्ट होतेय का?

सून: होऊ दे.

सासू: मान सरळ धर, गाठ मारते.

सून: बांधा. हं. आता केस ठेवा, एकच पान टाका, आणि तुम्ही स्वयंपाकघरात जा.

सासू: तुला असं एकटीला सोडून?

सून: तुम्ही जवळ असलात तर मी तुमच्याकडूनच शोधेन. जा.

सासू: ठेवला. यावेळी बाही तपासलीय. जाते मी.

सून: आई?

सासू: आतच आहे.

सून: बोलत राहा.

सासू: बोलले तर म्हणशील, आवाजावरून कळलं. भांडं वाजवते नुसतं.

सून: लिफ्ट आली.

सासू: हो.

सून: आपल्या मजल्यावर थांबली.

सासू: थांबली खरी. बघू का बाहेर?

सून: कोण आहे? पावलं इकडे येतायत.

सासू: पट्टी सोडू?

सून: नका. नका सोडू. येऊ नका इकडे. कुठे गेली पावलं?

सासू: समोरचं दार उघडलं. चावीचा आवाज. गेलं कोणीतरी आपापल्या घरी.

सून: हं.

सासू: श्वास घे गं.

सून: घेतेय. पानभर फिरवलं बोट. काही नाही. काहीच लागत नाहीये मला.

सासू: बरं.

सून: आहे ना तिथे?

सासू: आहे. मधोमध ठेवलाय.

सून: म्हणजे त्याच्यावरून गेले मी.

सासू: गेली असशील.

सून: पान काढा.

सासू: ते शेवटचंच पान आहे.

सून: तेही काढा. केस नुसता टेबलावर ठेवा. कुठे ते सांगू नका.

सासू: ठेवला. जाऊ पुन्हा आत?

सून: जा. भांडं वाजवा.

सासू: वाजवते. सावकाश कर. दारं लावलेली आहेत.

सून: गार लागतंय नुसतं टेबल. गुळगुळीत. इथेही गुळगुळीत. इथे... थांबा.

सासू: काय झालं?

सून: काहीतरी आहे. बारीक. सरकतंय बोटाखाली.

सासू: मी बघत नाहीये गं, तूच सांग.

सून: आई, तुम्ही इकडे आलात का? माझ्या हाताजवळ?

सासू: मी ओट्यापाशी उभी आहे. भांडं ऐकू येत नाही का तुला?

सून: येतंय.

सासू: मग?

सून: मग आहे तो.